उभ्या गाडीचा वैद्य

कोल्हारच्या पुलाजवळ, मनमाड रस्त्याला गोरक्ष मिस्त्रीचं गॅरेज होतं. हात चांगला होता त्याचा, पण जीभ हाताहून धारदार. गाडी बिघडली की दोष चालवणाऱ्याचाच, हे त्याचं ठरलेलं. ट्रकवाल्यांना तो ‘बैल हाकणारे’ म्हणायचा, जीपवाल्यांना ‘फुकटचे पुढारी’. आणि निवृत्त हेडमास्तर नृसिंह गुरुजी आपली जुनी लँडमास्टर मोटार घेऊन दारात आले, की त्याच्या तोंडाला धारच चढायची. याच गुरुजींनी त्याला सातवीत दोनदा बसवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात त्या गाडीला भलतीच खोड लागली. गुरुजी संगमनेरपलीकडच्या अकोल्याला लेकीकडे निघाले की संगमनेर ओलांडल्यावर गाडी जड व्हायची, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. चाकांना करपट वास यायचा. घटकाभर झाडाखाली थांबलं की पुन्हा मोकळी. कोल्हारात परतेपर्यंत तर ठणठणीत.

गोरक्षनं चाकं उचलून फिरवली. गरगर फिरली. ड्रम उघडून ब्रेकचे लायनर घासले, ब्रेकचं तेल बघितलं, आणि हात पुसत तो म्हणाला, “ब्रेकला काय बी झालेलं न्हाई, गुरुजी. तुमचाच पाय पेडलवरनं उठत न्हाई. जल्मभर पोरं दाबली, सवय कशी जाईल?”

“माझ्या पायाचं प्रगतिपुस्तक मागितलं नव्हतं मी. गाडी नीट कर,” गुरुजी म्हणाले.

तिसऱ्या खेपेलाही तो हेच बोलला, तेव्हा आत भाकरी थापणाऱ्या रतनबाईला, त्याच्या बायकोला, राहवलं नाही. “दवाखान्यात आल्यावर ताप उतरनारा पेशंट हाय त्यो! ताप चढतो तितं जाऊन बघा की. का घरी बसूनच नाडी धरनार?”

“तू भाकरी बघ,” तो खेकसला. पण गुरुजींनी ऐकलं होतं. आता न जाऊन सांगतो कुणाला?

दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला तो गुरुजींच्या पायावर डोळा ठेवून. म्हातारा आता पेडल दाबील, मग दाबील, आणि आपण रंगेहाथ पकडू. संगमनेरच्या बाजारात गुरं, सायकली, हातगाड्या; ब्रेक पन्नासदा लागला. गावाबाहेर पडल्यावर गाडी कुंथायला लागली. गुरुजींचा पाय ब्रेकपासून वीतभर लांब होता. गोरक्षची मान मात्र त्या पायाकडे वाकलेलीच राहिली. चढावर गाडी पार थांबली.

शेजारी दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या. एकीनं हातोडा खाली ठेवला. “मिस्त्री संगं घेऊन बी ढकलायचीच हाय व्हय?” सगळ्या खदखदून हसल्या.

गोरक्षनं चाकाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. चारही चाकं तापलेली. म्हणजे खोट एका चाकात नव्हती. त्यानं एका चाकाजवळचा तेलाचा स्क्रू सैल केला. चिळकांडी उडाली, आणि गाडी ढकलताच हलली. पेडल कुणी दाबलेलं नसताना तेल नळीत कोंडून बसलं होतं!

तो गाडीखाली शिरला. पेडलचा दांडा ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरला घट्ट टेकला होता; मधे खेळायला तसूभरही जागा नव्हती. तापून फुगलेलं तेल परत टाकीत जायचं बारीक भोक त्यामुळे बंद, आणि कोंडलेलं तेल ब्रेक दाबूनच धरायचं. तेल गार होऊन आकसलं की ब्रेक आपोआप सुटायचा.

दांड्याला हात लावताच त्याला आठवलं. दिवाळीत गुरुजी ‘पेडल फार खाली जातं’ म्हणाले होते. तेव्हा पाना लावून, ‘आता कसं ताठ झालं!’ म्हणत हाच दांडा कुणी आवळला होता?

“कुन्या गाढवानं दांडा आवळलाय,” तो खालूनच म्हणाला.

“कुठल्या गाढवानं?”

गोरक्ष बाहेर आला. तोंडावर धूळ, कानात बायकांचं हसू.

“म्या.”

गुरुजी हसले नाहीत. “शाळेत उत्तर चुकलं की तू दौतीला दोष द्यायचास. आज निदान नाव तरी बरोबर लिहिलंस.”

त्यानं दांडा सैल केला, स्क्रू आवळला, तेल भरलं आणि न विचारता स्टेअरिंगवर बसला. अकोल्यापर्यंत गाडी एकदाही जड झाली नाही. पण त्याची खात्री पटेना. वळण असो नसो, तो ब्रेक मारून बघत होता.

“अरे पुरे, माझी मान मोडेल!” गुरुजी ओरडले.

“बसा गप,” तो म्हणाला, आणि पुन्हा ब्रेक मारला.