चुलीमागच्या फळ्या

पारोळ्याच्या किल्ल्याच्या खंदकापलीकडे सुतारांची चार-सहा घरं होती. त्यातलं कडेचं घर हिलाल मिस्त्रीचं. बापाने जन्मभर गाड्यांची चाकं आणि नांगर केले, हिलालनेही तेच केलं असतं. पण त्याच्या हाताला नाजूक कामाची आवड होती. पाटाच्या कडेला वेल कोरायचा, पाळण्याच्या दांडीला पोपट बसवायचा. धुळ्याला कापसाच्या जिनांचे मालक बंगले बांधू लागले, तेव्हा रतिलाल शेठच्या बंगल्यावर त्याला बोलावणं आलं. एकतीस-बत्तीस सालची गोष्ट असेल.

त्या बंगल्यात हिलालने पहिल्यांदा स्वयंपाकघराची लाकडी भिंत पाहिली. शेठने मुंबईला कुणा साहेबाकडे तसं काम पाहिलं होतं. ओट्यावर शेगड्या, आणि त्यांच्या मागे भिंतभर सागवानी फळ्या, एकीची कड दुसरीत बसवलेली, जवसाच्या तेलाने घोटलेल्या. कामावरचा मुख्य मिस्त्री जीवराम सुरतेकडचा, वयाने मोठा. तो फळ्या बसवायच्या आधी भिंतीला चुन्याचा जाड गिलावा करून घ्यायचा आणि शेगड्यांच्या मागच्या भागात लाकूड लावायचाच नाही; तिथे पत्रा ठोकायचा.

"हिलालभाई," तो म्हणायचा, "लाकडाला आगीपासून हातभर लांब ठेवायचं. शोभा नंतर."

हिलालने ते नीट ऐकलं होतं. पुढे जे झालं त्यात हीच गोष्ट त्याला सगळ्यांत जास्त टोचत राहिली. माहीत नव्हतं असं त्याला कधी म्हणता आलं नाही.

घरी आला तेव्हा स्वतःचं स्वयंपाकघर त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. चुलीमागची भिंत धुराने काळी. भागाबाई, त्याची बायको, दर शनिवारी ती शेणामातीने सारवायची, वर पांढऱ्या मातीची बोटं ओढायची. मंगळवारपर्यंत भिंत पुन्हा काळी. इतकी वर्षं त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पण त्या वर्षी थोरली लेक पुष्पा पहूरला दिली होती, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिला माहेरी पोचवायला व्याही तोताराम नाना स्वतः येणार होते. पहूरच्या त्यांच्या घराला रंगीत काचांची खिडकी होती.

आखाजीच्या आधी हिलालने शेठच्या कामातून उरलेल्या फळ्या मागून आणल्या आणि चुलीमागे भिंत करायला घेतली. भागाबाई दारात उभी राहून बघत होती.

"चूलजोडे लाकूड?" ती म्हणाली. "पेटी जाई ना."

"धुळाले बठ्ठा बंगलासमा असंच शे," तो रंधा न थांबवता म्हणाला. "तुले काय समजस त्यामधलं?"



पत्रा त्याने लावला नाही. दारातून आत पाहणाऱ्याला पहिल्यांदा चूलच दिसायची, आणि तिच्यामागे पत्रा दिसला तर सगळ्या कामाची शोभा जाणार होती. फळ्या त्याने थेट चुलीच्या काठापर्यंत उतरवल्या. सांधे असे बसले की नख शिरू नये. तेल पाजून घोटल्यावर लाकडाला मधासारखा रंग आला. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, शेजारची झुंबरअक्का फळीवरून हात फिरवत म्हणाली, "भागा, तू ते आते शेठाणी व्हयनी!" भागाबाई हसली. त्या दिवसापासून ती रोज ओल्या फडक्याने त्या फळ्यांवरची काजळी पुसायची आणि चूल हळू, जपून पेटवायची.

भागाबाईबद्दल इथे सांगायला हवं. आसपासच्या गावांत लग्नकार्य निघालं की खापरावरचे मांडे करायला तिला बोलावणं यायचं. पालथ्या खापराखाली जाळ धडधडत असतो, आणि पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवून खापरावर टाकायचा असतो. भागाबाईचा मांडा झिरमिळीत व्हायचा आणि कधी फाटायचा नाही. बायका भोवती बसून बघत राहायच्या. मिस्त्रीची बायको म्हणून नाही, तर तिच्या स्वतःच्या नावाने तिला बोलावत, परतताना खण-नारळाने ओटी भरत. ओट्यांचे ते खण ती पेटीत जपून ठेवायची.

आखाजीच्या दिवशी पोरी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या, ओसरीवर तोताराम नाना आणि दोन-चार पाहुणे पत्ते खेळत बसले होते. मांड्यांना मंद जाळ चालत नाही. भागाबाईने चुलीत पऱ्हाटीची मोळी सारली. कापसाची ती वाळलेली काटकं भसकन पेटली आणि जाळ खापराच्या कडेने वर आला. दोन मांडे झाले. तिसरा तिच्या हातावर पसरत होता तेव्हा चुलीमागची खालची फळी काळी पडली, आणि तेल प्यालेलं ते लाकूड एकदम पेटलं. ज्वाळा सांध्यासांध्यातून वर चढली.

भागाबाईने ओरडायच्या आधी हात घातला. वरची फळी पेटली तर छपराचं गवत पेटणार, हे तिला कळलं होतं. तिने पेटलेली फळी उजव्या हाताने धरून उपटली, खाली आपटली आणि ओलं पोतेरं टाकून दाबून धरली. तोवर गल्ली धावत आली. घागरीवर घागरी ओतल्या गेल्या, आग विझली. स्वयंपाकघरात काळ्या पाण्याचा चिखल झाला, त्यात पुरणाचे उंडे पडलेले. दारात तोताराम नाना हातातले पत्ते तसेच धरून उभे होते.

सगळे हिलालकडे बघत होते. निदान त्याला तरी तसं वाटलं. जीवरामचे शब्द त्याला त्याच क्षणी आठवले, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"तुले चूल बी पेटाडता येस नही का?" तो भागाबाईवर ओरडला. "एवढा जाळ कोन घालस? बठ्ठा कामाना नाश करा!"

भागाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं. तिचा उजवा तळवा तोवर फुगला होता. मग ती बायकांकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "मनीच चूक शे, बाई. पऱ्हाटी जास्त पडनी."

तोताराम नाना म्हणाले, "असू द्या, व्याहीबुवा. बायामाणसाच्या हातून होतं असं." हिलालने मान डोलावली. ती मान डोलावणं त्याला आयुष्यभर विसरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने उरलेल्या फळ्या उखडून मागच्या अंगणात टाकल्या. शेण, माती आणि भुसा स्वतः कालवला आणि भिंत लिंपायला बसला. थर कुठे जाड, कुठे पातळ. भागाबाई हाताला तेल-चुन्याचा लेप बांधून ओसरीत बसली होती. तिने एकदा भिंतीकडे बघितलं.  पुष्पा सासरी जाताना आईच्या गळ्यात पडून रडली आणि बापाच्या पाया पडताना त्याच्या तोंडाकडे तिने बघितलं नाही. खरं कोण चुकलं ते लेकीला कळलं होतं, की हा आपल्याच मनाचा खेळ, हे हिलालला कधी विचारता आलं नाही.

हात बरा झाला, पण दोन बोटं आत वळून राहिली. त्या लग्नसराईत भागाबाईला कुणी बोलावलं नाही. शेजारच्या झुलालच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा मांड्यांना बाहेरगावची बाई आणली. हिलाल मांडवात पाट ठोकत बसला होता. पलीकडे बायका हसत होत्या. एक म्हणाली, "भागाबाईले बलावतो तर मांडव पेटाडी देती!"

हिलालच्या हातातला हातोडा थांबला. तो उठला आणि बायकांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. असं कुणी पुरुष तिथे जात नसे.

"चूक तिनी नही," तो म्हणाला. "मनी शे. लाकूड आगीजोडे लावू नको असं माले सांगेल व्हतं. मी तरी बी लावं. तिने घर वाचाडं."

झुलाल हसत पुढे आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बस बस, हिलालभाऊ. बायकोवर जीव शे तुमना, दखी राहिनूत आम्ही." बायकाही हसल्या, पण आता कौतुकाने. किती चांगला नवरा, स्वतःवर घेतो! हिलालने पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, पण जितकं सांगावं तितका तो त्यांना भला वाटू लागला. तो हत्यारं गोळा करून घरी आला.

भागाबाई धान्य पाखडत होती. "मी सांगं बठ्ठासले," तो म्हणाला. "चूक मनी व्हती म्हनीसन."

तिचं सूप थांबलं नाही. "त्या दिन सांगनं व्हतं," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी झुंबरअक्काने मात्र हट्टाने भागाबाईला नातवाच्या लग्नात बोलावलं. ती नवं लुगडं नेसून गेली. हिलाल दुपारी त्या घरावरून चालला होता. आत खापर तापलेलं, भोवती बायका बसलेल्या. भागाबाईने उंडा हातावर घेतला, झेलला, पसरवला. आणि वळलेल्या बोटांत अडकून तो मधोमध फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्यांदा तिने स्वतःच उंडा एका तरण्या बाईच्या हातात दिला आणि चुलीपाशी सरकून जाळ सारायला बसली. हिलाल कुडाच्या आड उभा होता. तो तिथूनच मागे फिरला.

रतिलाल शेठने नंतर दोनदा निरोप धाडला; जळगावला दुसरा बंगला उठत होता, तशाच फळ्या हव्या होत्या. हिलाल गेला नाही. का नाही, असं निरोप्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गुडघे दुखतस." आत भागाबाई चूल फुंकत होती. तिने ते ऐकलं असणार. तो मान खाली घालून चाकाच्या आऱ्या तासत राहिला.