बंडूची खेच

बंडू गेला तेव्हा अख्ख्या अकोल्यातली गिटारवाली पोरं ढसाढसा रडली. सिंधू रडली नाही. सख्खी बहीण असून डोळ्यांत टिपूस नाही, म्हणून जठारपेठेतल्या बायांनी नाकं मुरडली. मुरडोत बापड्या! त्यांचा भाऊ असा निघाला असता म्हणजे कळलं असतं.

चिंतामणशास्त्र्यांची ही दोन लेकरं. सिंधू सहा वर्षांनी मोठी. सतार ती शिकली, आणि मागे लागला म्हणून बंडूलाही तिनंच शिकवायला घेतलं. तार पडद्यावर दाबून बाजूला खेचायची आणि सूर न तोडता वर न्यायचा, ही मींड तिनं त्याच्या बोटांना फोड येईस्तोवर घोटून घेतली.

छप्पन साली अमरावतीला तिची विशारदची परीक्षा होती. पास झाली की मुलींच्या शाळेतली नोकरी ठरलेली. परीक्षकांसमोर गवसणी काढली, तर सतारीवर एकही तार नाही! सकाळी ती आंघोळीला गेली तेवढ्यात बंडूनं तारा काढून आपल्या जुन्यापुराण्या गिटारवर चढवल्या होत्या. परीक्षक हसले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

घरी शास्त्रीबुवा म्हणाले, “पोराची जात हाये, होते हातून. तुले कुठं मैफली गाजवायच्या हायेत?” पुन्हा परीक्षेचं नाव कुणी काढलं नाही. भावानं तारा नेल्या आणि बापानं उरलंसुरलं.

बंडूचं मात्र नशीब फळफळलं. गिटार लाउडस्पीकरला जोडून तो रॉक वाजवू लागला. गणपतीत, कॉलेजच्या गॅदरिंगात, अचलपूर काय नि चांदूर बाजार काय, लोक येड्यासारखे लोटायचे. तार खेचून तो सूर असा चढवायचा, की पोरांनी त्या मींडेचं नावच ‘बंडूची खेच’ पाडलं. कुणी विचारलं, कुठं शिकलात, तर हा लबाड छातीवर हात ठेवून म्हणायचा, “देवानंच बोटात घालून धाडलं.” सिंधूनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

अडुसष्ट साली काविळीनं बंडू गेला. शोकसभेत त्याचा लाडका चेला देवीदास गिटार घेऊन बसला. खेच घेतली, सूर चढवला आणि थांबला. लोकांनी डोळे पुसले. सिंधूला राहवेना. ती तरातरा पुढं गेली, देवीदासाचं बोट तारेवर दाबून धरलं आणि आणखी खेचलं. सूर आणखी दोन पायऱ्या वर गेला.

देवीदास म्हणाला, “ताई, हे तर सरांनी कधीच नाही वाजवलं!”

“तो कसा वाजवीन? तेथवर मी त्याले शिकवलंच नव्हतं.”

“मंग आमाले शिकवा ना.”

“शिकवतो,” सिंधू म्हणाली. “पयले येथं सगळ्यांसमोर सांग, ही खेच कोणाची हाये?”

देवीदासानं हार घातलेल्या फोटोकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

सिंधूनं त्याचा हात सोडून दिला.