हिरव्याशेजारचा तपकिरी

वैशाखातल्या दुपारी आमच्या कारखान्याच्या कॉलनीत गुलमोहर असा पेटतो, की सावलीत उभं राहूनही डोळे दिपावेत! हिरव्या पर्णसंभारातून उसळणारं ते आरक्त वैभव पाहताना मला नेहमी वाटतं, हा रंग नेमका राहतो कुठे? पाकळीत, उन्हात, की आपल्याच डोळ्यांत? हे, म्हणजे माझे यजमान, त्याच झाडांखालून रोज सायकलने कामावर जायचे. पण गुलमोहर फुलल्याचं त्यांना कळायचं ते डांबरी रस्त्यावर पाकळ्यांचा सडा पडल्यावर. यंत्रांत रमलेल्या माणसाला फुलांचं काय कौतुक, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

पुण्याहून बदली होऊन आम्ही भोपाळला नवेच होतो, तेव्हा माझं डोहाळजेवण ठरलं. हिरवी साडी आणायला हे मोठ्या हौसेने एकटेच बिट्टन मार्केटला गेले, आणि दुकानदाराला एका शब्दानेही न विचारता, स्वतः बोट ठेवून साडी घेऊन आले. घडी उलगडली, तर चक्क तपकिरी! “अरे भाईसाहब, ये तो मिट्टी कलर है!” म्हणत शेजारच्या भाभी खळखळून हसल्या, सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि मला रडूच कोसळलं. ह्यांना हिरवं-तपकिरी कळलं नाही, पण बायकोचा उतरलेला चेहरा मात्र बरोबर दिसला. संध्याकाळी शेजारी बसून हळूच म्हणाले, “मला दोन्ही सारखेच दिसतात गं. लहानपणापासून. पोरं हसायची, म्हणून कुणाला विचारणंच सोडलं. आता बाळाचंही असंच झालं तर?” माझा राग कुठल्या कुठे पळाला. एवढं ओझं हा माणूस एकट्याने वाहत होता, आणि मी साडीसाठी रडत होते!

कॉलनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मग समजावलं. डोळ्याच्या आत दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, जणू तीन साक्षीदार. एकट्याच्या साक्षीने रंग ठरत नाही. तिघांच्या सांगण्यातला फरक तिथल्या तिथे पडताळला जातो, आणि मग मेंदूकडे निरोप जातो. ह्यांचे दोन साक्षीदार जवळजवळ एकच साक्ष देतात, म्हणून तांबडं, हिरवं, तपकिरी एकमेकांत मिसळून जातं. म्हणजे ज्याला आपण ठामपणे रंग म्हणतो, ती शेवटी एक तुलनाच की! बाई म्हणाल्या, बापाकडून हे मुलाला येत नाही. मुलगी झाली तर तिलाही बहुधा सगळं नीट दिसेल, पण तिच्या मुलात मात्र ते उतरू शकतं.

डोहाळजेवणाला मी तीच साडी नेसले. “माती तर माती! हिरवं उगवतं ते मातीतूनच,” असं म्हणून सासूबाईंनीच माझी ओटी भरली. लेक झाली. तिला सगळे रंग दिसले, आणि पुढचं आम्ही विसरूनही गेलो.

यंदा भोपाळमध्येच बाग सेवनिया भागात राहणाऱ्या लेकीकडे गेलो, तर पहिलीतला नातू कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेला. चित्रातल्या झाडाची पानं त्याने तपकिरी रंगवली होती, आणि सगळा वर्ग हसला होता. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. मला डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले. ह्यांनी मात्र चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. “मला तर काहीच चुकलेलं दिसत नाही.” नातू ताडकन उठला. “सच्ची आजोबा? आपको भी हरा दिख रहा है?” “अगदी हिरवंगार!” हे म्हणाले.

आयुष्यभर जगाच्या डोळ्यांनी पाहायची धडपड केलेल्या ह्या माणसाला, त्याच्याच डोळ्यांनी पाहणारं कुणीतरी अखेर भेटलं होतं. ज्याची इतकी धास्ती घेतली, ते असं सोबत होऊन येईल, हे कुणाच्या ध्यानीमनी होतं? माझे डोळे भरून आले.

हे नातवाला म्हणाले, “चल, तुझ्या शाळेतल्या बाईंना लागतो तो हिरवा कुठला, ते आजीला विचारू. विचारायला लाजायचं नाही.” आणि दोघांनी पेटीतला एकेक रंगीत खडू उचलून माझ्यापुढे धरला.