दहाजणींचा फ्लेक्स

भात कापून झालं की तिकोणा पेठेतली दोन खाचरं आमच्या मुलींचं फुटबॉलचं मैदान बनतात. मालक गावातले मोठे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणतात. मुली खेळणार म्हणून त्यांनी मधला बांध फोडून दिला, धसकटं काढायला ट्रॅक्टर पाठवला. मी तळेगावहून स्कूटरवर शिकवायला जाते. एरवी मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही, हे माझ्या घरचे शपथेवर सांगतील. आबांपुढे मात्र माझा आवाज आपोआप खाली येतो.

गेल्या हिवाळ्यात मुली लोणावळ्याला स्पर्धा जिंकल्या. शेवटच्या सामन्यात आमच्या गोलकीपरने पेनल्टी अडवली, म्हणून जिंकल्या. ही पोर बौद्धवस्तीतली, त्या वस्तीतून संघात आलेली एकटीच. बोलायला कमी, झेप घ्यायला पुढे. तिची आई मला म्हणाली होती, "मॅडम, खेळाय लागल्यापासनं गाव पोरीला नावानं वळखाय लागलं." ते वाक्य मी चार ठिकाणी मिरवून आले होते.

आपल्याकडे जिंकलं की फ्लेक्स आलाच. वाढदिवसाला फ्लेक्स, नवा ट्रॅक्टर घेतला तरी फ्लेक्स, मग पोरींनीच काय घोडं मारलंय? वडगावच्या प्रिंटरने नमुना थेट आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. अर्ध्या फ्लेक्सवर आबा, पांढऱ्या कपड्यांत, काळा चष्मा लावून. उरलेल्या अर्ध्यात संघ. गोलकीपर रांगेच्या कडेला उभी होती आणि आबांना जागा करताना प्रिंटरने ती कडच कापली होती. तिचा फक्त एक हातमोजा उरला होता, शेजारणीच्या खांद्यावर.

मला ते पहिल्या नजरेत दिसलं. आबांचा फोटो लहान करा, एवढंच म्हणायचं होतं. पण पुढच्या वर्षी खाचरं मिळतील ना, हा विचार आधी आला आणि मी अंगठा टाकला. माझ्या मागोमाग मुलींचे अंगठे आले. त्यात तिचाही होता. तो पाहून मला हायसं वाटलं, याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते. प्रिंटरला तिची वस्ती ठाऊक नव्हती. मला होती.

फ्लेक्स फाट्यावर लागला आणि ती सरावाला येईना. आधी पोट दुखत होतं, मग पाहुणे आले. शेवटी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने खुर्ची पुसून दिली, चहा केला, दुकानातून बिस्किटं मागवली. एक शब्द टाकून बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पोरीला म्हटलं, "अगं, तूही अंगठा दिलास की. तेव्हाच का नाही बोललीस?" बोलून गेले आणि माझं मलाच कळलं, मी अजून अंग काढून घ्यायला बघत होते.

"मी लय येळ थांबले हुते मॅडम," ती म्हणाली. "तुमी काय बोलताय ते बगत हुते. तर तुमचाच अंगठा आला. मग मी काय बोलनार?"

मी माफी मागितली. दुसरा फ्लेक्स करून घ्यायचा म्हणून आबांना विचारायला गेले, तर ते हसले. "अवो, मग आदीच सांगायचं न्हाई का? माजं थोबाड काय, कोपऱ्यात बी बसलं आसतं." ज्या नकाराला मी भ्याले, तो तिथे नव्हताच. तो माझा मीच घरून नेला होता.

नव्या फ्लेक्सवर अकराजणी आल्या. तीही सरावाला परत आली, झेपही तशीच घेते. पण सामना संपून फोटोची वेळ झाली की ती गोलची जाळी सोडायला जाते. फोटोशिवाय आमचं भागत नाही, बूट देणारे, टेम्पो देणारे सगळे फोटो मागतात. मी तिला हाक मारते.

"गाठ घट बसलीया मॅडम," ती पाठमोरीच सांगते. "तुमी काढा फोटो."

बाकीच्या दहाजणी रांगेत उभ्या असतात, आणि मी काढते.