पदर न कापणाऱ्या काकू

आमच्या कोपर स्टेशनजवळच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जुन्या साड्यांच्या उशा शिवून देतात. गळ्यात टेप असतो, पण माप घेतात वितीनं. तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे वाक्य कधी चार शब्दांपुढे जात नाही. कात्री लावण्याआधी प्रत्येकीला एकच प्रश्न, "विचारलंयस ना तिला?" तिला म्हणजे जिची साडी आहे तिला.

मी आईची जांभळी साडी नेली. माझ्या पदवीदानाला तिनं नेसलेली. तिच्या खडवलीच्या घरात उंदीर फार, म्हणून तिनं ती माझ्या कपाटात ठेवलेली. रील्स बघून मला वाटलं, सोफ्यावर उशा शोभतील, आईलाही सरप्राइज होईल. आमच्या घरात पहिली ग्रॅज्युएट मी. आईला सजावटीतलं काय कळतंय? काकूंना सांगितलं, "हो, विचारलं."

चार उशा सुंदर झाल्या. पदर मात्र काकूंनी घडी करून कागदात दिला. "पदर कापत नाही मी. आईला दे."

आई आली. उशीवरून हात फिरवत म्हणाली, "छान झाल्यात गं." मग सोफा सोडून खाली जमिनीवर बसली. पदर दिला, तर तो मांडीवर पसरून हळूच म्हणाली, "दादाच्या लग्नात हीच नेसणार होते."

संध्याकाळी काकूंच्या दारावरून जाताना हाक आली. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"टेकून बसली का आई?"

मी पुन्हा "हो" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टाचण्या परत तोंडात धरल्या.