बंद व्हॉल्व्ह आणि दोडक्याचा वेल

देवरावकाकांचं बीपी १२०/८० आलं, अगदी नॉर्मल, आणि तेच मला खटकलं.

सिस्टरला म्हटलं, परत बघा. परत तेच. काका खूश होते. मी त्यांना चपला काढायला लावल्या आणि तळपाय पाहिले. लाली नाही, फोड नाहीत. सुरुवातीला याच तळपायांपायी काका टाचांवर चालत होते.

मी वाशिमच्या एका छोट्या हॉस्पिटलात कॅन्सरचं डे-केअर बघते. डे-केअर म्हणजे सकाळी यायचं, सलाईनमधून औषध घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जायचं. औषध कोणतं ते नागपूरचे माझे सर ठरवतात. टोचणं आणि समजावणं माझ्याकडे. टोचण्यात सिस्टर माझ्याहून तरबेज आहेत, म्हणून मी समजावण्यावर जरा जास्तच जीव लावते.

काका आसेगावचे. किडनीचा कॅन्सर. किडनी काढली, पण फुप्फुसात गाठी निघाल्या. औषधं दोन. दर तीन आठवड्यांनी सलाईन, ते शरीरातल्या लढाऊ पांढऱ्या पेशींचा ब्रेक काढतं. आणि रोज एक गोळी. गाठ स्वतःला पोसायला भराभर नव्या रक्तवाहिन्या वाढवत असते, त्यांना ही गोळी आवर घालते. बहुतेकांचं या गोळीने बीपी चढतं, तळपाय सोलवटतात. त्रास होतोच, पण गोळी पोटात जातेय हेही त्यावरून कळतं.

त्याच सकाळी सरांचा फोन आला होता. स्कॅनमध्ये गाठी जशाच्या तशा होत्या.

"लागू पडत नाहीये. दुसरं सुरू करू," सर म्हणाले.

"आणि ते नाही चाललं तर?"

"मग माझ्याकडे फारसं काही उरत नाही."

मी संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला होता. आणि आता हे बीपी. काकांना विचारलं, गोळी रोज घेता ना? ते म्हणाले, घेतो ना. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, शेजारच्या स्टुलावर बसून एकदम पंख्याकडे बघायला लागल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"सांगा ना आता मॅडमले," शेवटी काकू म्हणाल्या, "काय इंजिनेरी केली ते."

इंजिनेरी अशी होती. पहिल्या दिवशी मीच काकांना सांगितलं होतं की ही गोळी म्हणजे गाठीच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद करणं. उपमा सुचली म्हणून दिवसभर स्वतःवर खूश होते. काकांची संत्र्याची बाग ड्रिपवर आहे. पाणी ड्रिपने, खतही ड्रिपनेच.

"तुमीच त सांगतलं, गोळी वाल बंद करते," काका म्हणाले. "मंग सलाईनची दवाई गाठीपर्यंत जाईन कोठून? वाल बंद ठेवून ड्रिपमधून खत सोडते का कोणी?"

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे सोडले, तर सलाईनच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा ते गोळी बंद ठेवत होते. तीन आठवड्यांत गोळी एकच आठवडा. मला आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. हिशेबात त्यांची काही चूक नव्हती. व्हॉल्व्ह माझा होता.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लढाऊ पेशी रक्तातून वाहत येतात. गाठीत शिरायचं तर आधी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटावं लागतं, मग फटीतून बाहेर पडता येतं. चांगल्या भिंतीवर गरजेला हुकांसारखे बारीक आकडे उगवतात, त्यांना धरून पेशी थांबतात. गाठीने घाईघाईत वाढवलेल्या वाहिन्यांवर हे आकडे फार कमी असतात. पेशी येतात, घसरतात, पुढे निघून जातात. गोळी ती घाई थांबवते. फालतू वाहिन्या कमी होतात, उरलेल्या सुधारतात, आकडे परत यायला लागतात. मग ब्रेक काढलेल्या पेशींना आत शिरायला जागा मिळते.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंजे वाल बंद का उघडा?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात काकू पुढे सरकल्या.

"अवो, आपला दोडक्याचा येल आठवा. तुमी मांडवाले पलास्टिकचे पाइप लावले तं येल चढेच ना, घसरून राह्यला होता. मी सुतळी गुंडाळली, तवा कोठं धरलं त्यानं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गोळी मंजे सुतळीच ना मॅडम?"

इतकी वर्षं शिकले, पण सुतळी मला सुचली नव्हती. म्हटलं, सुतळीच, काकू. सलाईन असो नसो, रोज गुंडाळायची.

काकांनी मान डोलावली. त्यांना पटलं होतं.

सरांना फोन लावला. गोळी नीट घेतलीच नव्हती, अजून काही सलाईन याच औषधाची देऊ, म्हटलं.

"पेशंटला समजावलं कोणी होतं?"

"मीच, सर."

"आणि आता?"

"आता त्यांच्या मिसेसनी."

सर हसले आणि हो म्हणाले.

पुढच्या खेपेला काका टाचांवर चालत आले. बीपी १५०/९४. तळपाय लालभडक. ते वैतागले होते आणि मी पेढे वाटायच्या बेतात होते. बीपीची गोळी दिली, मलम दिलं. पुढच्या स्कॅनमध्ये मोठी गाठ निम्म्याने कमी दिसली. गोळीने किती आणि सलाईनने किती, हे मला सांगता येणार नाही. रिपोर्ट वाचताना डोळ्यांत पाणी आलं, एवढं मात्र खरं.

हल्ली मी समजावून झालं की पेशंटलाच म्हणते, आता तुम्ही मला समजावा. बरोबर बायको असेल तर आधी तिला विचारते. व्हॉल्व्ह हा शब्द डे-केअरमध्ये काढत नाही. टेबलाच्या खणात सुतळीचा गुंडा असतो. काकूंनी आणून दिलाय.