निळ्या गाडीचा पोचा

मास्तर रोज सकाळी घरून गॅरेजकडे चालत निघायचे आणि वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवरून हात फिरवायचे. मागच्या दिव्यापासून पुढच्या दिव्यापर्यंत, तळवा पत्र्याला जेमतेम टेकलेला आणि नजर भलतीकडेच. गोठ्यातून जाताना एखाद्याने गुरांच्या पाठीवरून हात फिरवावा, तसं. गल्लीत नव्याने राहायला आलेला एखादा खिडकीतून हटकायचा, "ओ काका, काय पाहिजे?" तेव्हा जुनं कुणीतरी त्याला सांगायचं, "फिरवू द्या हो. तपासतायत ते." मग काही दिवसांनी मास्तर त्याच माणसाला रस्त्यात गाठायचे. "तुमच्या गाडीला मागून कुणीतरी टेकून गेलंय. डोळ्यांना दिसायचं नाही. शनिवारी या."

शनिवारी या, हे ते सगळ्यांनाच सांगायचे. सोमवारी आलेल्याला शनिवार आणि शुक्रवारी आलेल्यालाही शनिवार. खरं तर गाड्या बुधवारीच तयार होत. "पण माणसाला बुधवार सांगितला, की तो मंगळवारी येऊन डोक्यावर उभा राहतो," असं त्यांचं म्हणणं.

पत्र्याला पडलेले पोचे ठोकून काढायचे, एवढंच त्यांचं काम. गॅरेजच्या एका बाजूला त्यांची ठोकाठोक चाले, दुसऱ्या बाजूला त्यांची मुलगी रंग मारायची, आणि धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून मधे जाड प्लास्टिकचा पडदा होता. बापाचं काम झालं की पडदा बाजूला सरे आणि गाडी लेकीकडे येई. लेक तिच्यावरून हात फिरवी. कुठे किंचित उंचवटा लागला तर ती काही बोलत नसे, फक्त गाडी परत पलीकडे ढकले. मास्तरांना ते मुळीच आवडत नसे, आणि गिऱ्हाइकांना तीच गोष्ट ते फुशारकीने सांगत.

सिनेमाचं वेड मात्र मुलीचं. त्यातही गाड्यांच्या शर्यती आणि पाठलाग. प्रेमाची गाणी लागली की ती बाहेर जाऊन पाय मोकळे करून यायची, आणि टायर करकरले की खुर्चीच्या टोकावर. रविवारी ती आईवडलांना थेटरात ओढून न्यायची आणि मग मास्तरांच्या तोंडाला खीळ नसायची. पडद्यावर नायकाची गाडी पुलावरून उडाली, की अख्खं थेटर श्वास रोखून बसायचं आणि अंधारात मास्तरांचा आवाज यायचा, "चेसिस वाकली. आता ही सरळ पळायची नाही." गाडी काचेच्या दुकानातून आरपार गेली, की "बॉनेट गेलं. डावा फेंडर गेला. दार बघावं लागेल."

"अहो, हळू," आई म्हणायची. "तुमच्याकडे घेऊन नाही येणार ते."

"आणतील तर शनिवारी सांगेन."

सगळ्यात भारी पाठलाग कुठला, यावर घरात कायम वाद. मुलीला एका डोंगरातल्या शर्यतीचं कौतुक होतं, ज्यात शेवटची गाडी टायर फुटून नुसत्या रिमवर रेषा ओलांडते. आईला दोन म्हाताऱ्यांनी पाण्याच्या टँकरमधून केलेला पाठलाग आवडायचा, कारण त्यात कुणाला लागलं नव्हतं. मास्तरांची कसोटी वेगळीच होती. गाडीला एकदा पोचा पडला, की तो शेवटपर्यंत राहिला पाहिजे. आणि तिथेच बहुतेक सिनेमे आपटत. "मघाशी दाराला एवढा मोठा पोचा होता. गेला कुठे? पळता पळता काढून घेतला काय ह्यानं?" असं म्हणून ते एवढ्याने हसत, की पुढच्या रांगेतले मागे वळून बघत. त्या दिवशीचा सिनेमा मग त्यांच्यापुरता संपलेला असे.

अशा माणसाच्या दारात एके दिवशी सिनेमावालेच आले.

त्या भागात एक पाठलाग चित्रित होणार होता. एकसारख्या तीन निळ्या गाड्या आणल्या होत्या, आणि सिनेमात मात्र ती एकच गाडी दिसायची होती. पहिली गाडी बाजाराच्या कमानीखालून सुसाट निघताना दगडी खांबाला खरोखरच घासली. दिग्दर्शिका होती एक सडपातळ बाई, सगळे तिला मॅडम म्हणत. तिला ते घासणं इतकं आवडलं, की तो पोचा आता सिनेमाभर हवा, असं तिने ठरवलं. म्हणजे उरलेल्या दोन्ही गाड्यांच्या चालकाकडच्या दाराला हुबेहूब तसाच पोचा पाडायला हवा होता. त्यांचा मॅनेजर गॅरेजात आला आणि अडखळत म्हणाला, "जरा विचित्र काम आहे."

मास्तरांनी ऐकून घेतलं. "आयुष्यभर काढतोय. आता घालायचा?"

"जमेल का?"

"जमेल हो. पण मॅडमना सांगा, माझ्या हातातला पोचा मधेच गायब होणार नाही. मला त्याचा फार राग आहे."

मुलगी पडद्याआडून हसली. तिला वडील इतके खूश कधी दिसले नव्हते.

त्यांनी पहिल्या गाडीच्या दारावर डोळे मिटून कितीतरी वेळ हात फिरवला. मग वाळूची पिशवी आणि लाकडी ठोकळा घेऊन दुसऱ्या दोन दारांवर तोच पोचा उतरवला. खाली खोल, वर उथळ, आणि कडेला बोटभर मुरड. मुलीने रंग खरवडून तीन तिरक्या रेघा काढल्या, खांबाने ओढल्या होत्या तशा. सेटवर प्रत्येक दृश्याचे फोटो काढून नोंदी ठेवणारी एक मुलगी होती. तिने तिन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून बघितल्या आणि शेवटी म्हणाली, "मलाच आता कळेना कुठली पहिली."

मग शूटिंग झालं. दुसरी गाडी पुलावरून उडाली, तिसरी उतारावरून कोलांट्या खात गेली, आणि दोन्ही भंगारात जमा झाल्या. उरली पहिली. शेवटच्या दृश्यात नायक ती गाडी थांबवतो, पोचा पडलेलं दार उघडतो आणि खाली उतरतो. कॅमेरा थेट दारावर. त्याच दुपारी ते घ्यायचं होतं. संध्याकाळी नट दुसऱ्या कामाला निघणार होता आणि रस्ता रहदारीला मोकळा होणार होता. दार जरा अडकत होतं म्हणून मॅनेजरने सकाळी गाडी गॅरेजात आणून लावली. "फक्त उघडतं करून ठेवा."

मुलगी रंग आणायला दुकानात गेली होती. ती परतली तेव्हा मास्तर एका जुन्या गिऱ्हाइकाशी त्याच्या जावयाबद्दल बोलत उभे होते. गाडीचं दार सुरेख उघडत होतं, मिटत होतं. आणि सपाट होतं.

तिने हातातले डबे खाली ठेवले. "बाबा. पोचा?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्याचाच हात चुकून खांद्याला लागला होता. कडी मोकळी करायला त्यांनी दाराचं आतलं अस्तर काढलं होतं. आत हात होताच. बोलता बोलता एखादी बाई समोरच्या पोराच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावून देते, तसा त्यांनी तो पोचा काढून टाकला होता. जावयाचं प्रकरण रंगात आलं होतं, तेवढ्यात.

गिऱ्हाईक हळूच सटकलं.

"आता काय?" मुलगी म्हणाली. "बाकीच्या दोन्ही गेल्या. बघून करायला काही नाही. हे जुळलं नाही तर खांबाला घासल्यापासून पुढचं सगळंच वाया जाईल त्यांचं. आणि पाठलागात ते घासणं तेवढंच तर खरं आहे."

मास्तर स्टुलावर बसले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "सिनेमा जाऊ दे. मी काय विचार करतोय, सांगू? कुठल्या तरी थेटरात माझ्यासारखा एक जण बसलेला असणार. तो हसणार. म्हणणार, पळता पळता काढून घेतला काय ह्यानं."

तेवढ्यात मॅनेजर दारात आला. "झालं का, मास्तर? कधी नेऊ?"

मुलीला वाटलं, आता शनिवार म्हणतात की काय. मास्तर उठले. "तुमची जेवणाची सुट्टी संपायच्या आत."

तो गेल्यावर मुलगी धावत सेटवर गेली आणि नोंदी ठेवणाऱ्या मुलीकडून दाराचा फोटो घेऊन आली. फोटो स्वच्छ होता, पण सपाट. खोली किती, ते त्यात कुठून दिसणार? मास्तरांनी तो बघितला आणि तिलाच परत दिला. "तू धर. मला उपयोग नाही."

"मग कशावरून करणार?"

"रंग आहे ना तुझा प्रांत? रेघा बघ."

रेघा खांबाने ओढलेल्या, जशाच्या तशा होत्या. मास्तरांनी पत्रा सरळ केला होता, रंगाला हात लावला नव्हता. फोटोत त्या तीन रेघा पोच्यात शिरताना मोडल्यासारख्या वाकल्या होत्या. आता त्या वहीतल्यासारख्या सरळ पडल्या होत्या. पत्रा परत त्याच जागी गेला, तर रेघाही फोटोतल्यासारख्या वाकणार. तिच्या लक्षात आलं आणि तिने फोटो डोळ्यांसमोर धरला.

"पत्रा एकदा ताणला गेला की ताणलेलाच राहतो," मास्तर म्हणाले. "वरून साळसूद दिसतो, पण त्याला परत तिथेच बसायचं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

त्यांनी डोळे मिटले. तळवा दारावरून सरकत राहिला, थांबला, मागे आला. मग त्यांनी गुडघा टेकवला आणि अंगाचा भार दिला. टक असा आवाज झाला आणि पत्रा आत गेला.

"खालची रेघ आली," मुलगी म्हणाली. "मधली आली. वरची अजून सरळ आहे."

"किती?"

"थोडीच. पण आहे."

"तू नसतीस तर चाललं असतं."

"मी नसते तर रंगही चालला असता तुम्हाला कुठलाही."

मास्तर डोळे मिटूनच हसले. त्यांनी तळव्याचा खालचा भाग दारावर ठेवला, उचलला, आणि एकदाच मारला. वरची रेघ मधोमध मोडली. मुलीने फोटो खाली केला आणि स्वतःचा हात दारावरून फिरवला. खाली खोल, वर उथळ, कडेला बोटभर मुरड. गाडी परत पलीकडे ढकलायची वेळ तिच्यावर आली नाही.

तेवढ्यात आई जेवणाचा डबा घेऊन आली. तो ॲल्युमिनियमचा डबा चहूबाजूंनी चेपलेला होता. दोघांचे चेहरे बघून तिने काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या डब्याचे पोचे काढायला ह्यांना सवड नाही. आणि नको तिथले आपसूक निघतात."

सेटवर मास्तरांनी मॅडमना स्वतःच सांगितलं. मुलगी कोपराने खुणावत होती, तरी. "मॅडम, सकाळी मी हा पोचा काढला होता. चुकून. परत घातलाय. बघून घ्या."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी गाडी खुणेच्या जागी उभी करायला लावली आणि पडद्यावर जुनं दृश्य लावलं, शेजारी आत्ताचं. दोन्हीकडे ऊन तिरकं पडत होतं. दोन्हीकडे पोच्यात सावली भरली होती, अर्ध्या पानासारखी, टोकाशी किंचित वळलेली. नोंदी ठेवणारी मुलगी पडद्याला नाक लावून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. शेवटी तिने मान वर केली आणि म्हणाली, "उजवीकडचं आत्ताचं ना? की डावीकडचं?"

मॅडमनी हुश्श केलं. मग मास्तरांना विचारलं, "आणि दार? उघडतंय?"

"लोण्यासारखं."

"मग चला, घेऊ या."

सिनेमा लागला, तेव्हा तिघं पहिल्या रविवारी गेले. पाठलाग सुरू झाला आणि मुलगी खुर्चीच्या टोकावर सरकली. कमान आली, खांब आला, थेटरभर शिट्ट्या झाल्या. गाडी पुलावरून उडाली. मास्तरांच्या तोंडून अवाक्षर नाही. आईने काळजीने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

एवढ्यात मागच्या रांगेतून एक जाडा आवाज आला. "मघाशी आरसा तुटला होता ना ह्याचा? आता धड कसा?"

मास्तर ताठ झाले. आला. ज्याची भीती होती तो खरंच आला होता, आणि नेमका मागे बसला होता.

"आरसा माझ्याकडे नव्हता," ते लेकीच्या कानात पुटपुटले.

शेवटचं दृश्य आलं. गाडी थांबली. दार पडद्यावर भिंतीएवढं झालं, ऊन, सावली, तीन मोडलेल्या रेघा. मास्तर पडद्याकडे बघत नव्हते. मान किंचित मागे करून ते ऐकत होते. मागे खुर्ची करकरली. कुणीतरी खोकलं. दार उघडलं, नायक उतरला, दार मिटलं. मागून काहीच आलं नाही.

मास्तर हळूहळू खुर्चीत मागे रेलले. मुलीने अंधारात त्यांचा हात धरला. तो हात घामाने ओला होता आणि ते हसत होते, मुळीच आवाज न करता.

बाहेर पडताना त्यांनी मागच्या रांगेतल्या त्या जाड्या आवाजाच्या माणसाला गाठलंच. "गाडी आहे का तुमची?"

"आहे. का?"

"काही लागलं तर आणा. नजर चांगली आहे तुमची."

त्यानंतर घरातला सर्वोत्तम पाठलाग कुठला, हा वाद मिटला. आईनेही टँकरवरचा हक्क सोडला. ती एवढंच म्हणायची, की ज्या सिनेमाला ह्यांना गप्प बसवता आलं, तो चांगलाच असणार.

पुढे गुडघे थकले, तसं गॅरेज मुलीने हातात घेतलं. पोचे आणि रंग, दोन्ही. मधला पडदा आता तिने एकटीनेच ओलांडायचा. मास्तर सकाळची फेरी मात्र काठी घेऊन करायचे आणि कुठली गाडी कुठे टेकली त्याची बातमी तिला आणून द्यायचे. दुपारी जेवून टीव्हीसमोर आरामखुर्चीत पडायचे. आयुष्यातल्या शेवटच्या दुपारीही तसेच पडले होते. कुठलासा पाठलाग चालू होता. मुलगी हात पुसत आत आली, तेवढ्यात पडद्यावरची लाल गाडी कठडा तोडून खाली गेली आणि खडकांवर आपटत, गोल फिरत, छपरावर जाऊन थांबली. मास्तरांनी अर्धवट मिटलेले डोळे उघडून ती नीट पाहून घेतली.

"त्याला सांग," ते म्हणाले, "शनिवारी ये. त्याआधी काही व्हायचं नाही."